घेणारा हात

देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली, हे आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दान, दया, परोपकार या शब्दांभोवती आपल्या घरांतून जे संस्कार होतात, ते बहुतेक देणाऱ्याच्या बाजूचे असतात. दारी आलेल्यास विन्मुख पाठवू नये, जेवणापूर्वी गोग्रास काढून ठेवावा, सणावारी घरात राबणाऱ्या बाईस साडीचोळी द्यावी, दिले ते बोलून दाखवू नये. इतके सगळे आपणांस सांगितलेले असते. घेणाऱ्याने कसे घ्यावे, याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. जणू काय आपल्यावर घेण्याची पाळी कधी यावयाचीच नाही! आमचे वय अद्याप पंचविशीच्या आत आहे. पण एवढ्या वयातही आम्हांस दिसून आले आहे की, देणे हे त्या मानाने सोपे आणि घेणे हेच कठीण. दरवर्षी नाताळ जवळ आला की हा विचार आमच्या मनात पुन्हा जागा होतो. त्याचे कारण आमच्या गावात आहे, आणि आमच्या घरातही आहे. तेच येथे वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

नाशिक म्हटले की बाहेरच्या माणसास पंचवटी, काळाराम, गोदाघाट आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ एवढेच आठवते. परंतु या गावचा डिसेंबरही पाहण्यासारखा असतो. पहाटे नदीवर धुके उतरलेले असते, बाजारात पेरू व संत्री यांचे ढीग लागलेले असतात, आणि हिंदू घरांतले आकाशकंदील माळ्यावर जाऊन महिना होतो न होतो तोच ख्रिस्ती घरांच्या सज्जांतून कागदाच्या चांदण्या झळकू लागतात. दुरून पाहणाऱ्यास आकाशकंदील कोणता आणि चांदणी कोणती हे चटकन सांगता येऊ नये, इतके त्यांचे रूप सारखे. रात्री पेटी आणि तबला घेऊन गाणी म्हणत फिरणारी मंडळी भेटतात. ती गाणी मराठीत असतात, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेतली कित्येक पदे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला. पण नाताळच्या ताटात मराठी घरी जे वाढले जाते, ती करंजी, ती चकली आणि ते शंकरपाळे सर्वस्वी येथलेच.

आमचे घर शरणपूर रस्त्याच्या आतल्या अंगास, एका जुन्या वसाहतीत आहे. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या घरच्या बाई परिचारिका होत्या. आम्ही त्यांस मावशी म्हणतो. दिवाळीस आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचे ताट जाई, व नाताळास त्यांच्याकडून आमच्याकडे ताट येई. शेजारचे ताट रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालावी, ही आपल्याकडची रीत दोन्ही घरी पाळली जाई. वरवर पाहणाऱ्यास हा व्यवहार बरोबरीचा वाटला असता; पण तो तसा नव्हता. आमच्या ताटात लाडू, चिवडा, अनारसे असत. त्यांच्या ताटात संत्री, केळी आणि खारका-बदाम असत. घरी केलेला असा एकही जिन्नस त्यात नसे. आमच्या आजीचे सोवळेओवळे कडक होते, आणि ही गोष्ट साऱ्या वसाहतीस ठाऊक होती. सालीच्या फळास विटाळ नाही, म्हणून फळे चालत. मावशींनी याविषयी कधी कोणास विचारले नव्हते, आणि आमच्या घरातून त्यांस कोणी सांगितलेही नव्हते. त्यांनी आपण होऊन ते ओळखले, आणि नाही म्हणण्याची वेळ आमच्या घरावर कधी येऊच दिली नाही.

दिवाळीचे ताट पाठविणारे आपण उदार आहोत, अशी समजूत आमच्या घरात होती. ती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. आजी खरोखरच मोठ्या मनाची होती, आणि अनारशांच्या चळतीत शेजाऱ्यांसाठी ती नेहमी चांगले तळलेले निवडून ठेवी. परंतु स्वतःच्या सणाच्या दिवशी, स्वतःच्या घरी करंज्यांचे डबे भरलेले असताना, शेजाऱ्याच्या भिडेखातर बाजारातून संत्री आणावयाची, आणि तीही हसतमुखाने, असे वर्षानुवर्षे करणाऱ्या त्या बाईंचे औदार्य कोणत्या वजनाने मोजावे? त्या दोन ताटांपैकी अधिक करुणा कोणत्या ताटात होती, हा प्रश्न आम्हांस पुढे फार दिवस पडून राहिला.

सुमारे दहा वर्षांपूर्वी आजीस न्यूमोनिया झाला आणि तिला इस्पितळात ठेवावे लागले. वडील परगावी नोकरीस, आईची दिवसाची नोकरी, आणि आम्ही शाळकरी. दिवस कसा तरी निभावे, रात्रीची पंचाईत होई. मावशी त्याच साली सेवानिवृत्त झाल्या होत्या. त्या न बोलावता आल्या आणि रात्रीच्या जागरणास बसू लागल्या. आजीचे हात थरथरत, त्यामुळे भाताची पेज चमच्याने भरवावी लागे. ती पेज मावशी आपल्या घरून करून आणीत. पहिल्या रात्री आजीने डोळे मिटून ती घेतली, आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री डोळे उघडे ठेवून घेतली, एवढेच आईने आम्हांस नंतर सांगितले. त्यावर घरात कोणी चर्चा केली नाही.

आजी बरी होऊन घरी आली, आणि मग मावशींचे उपकार कसे फेडावे याविषयी खल सुरू झाला. कोणी साडी सुचविली, कोणी चांदीची वाटी. पैशाचे पाकीट देणे बरे दिसणार नाही, यावर सर्वांचे एकमत होते. आजी हे सगळे ऐकत असे आणि काही बोलत नसे. डिसेंबरच्या मध्यास एके दिवशी मावशी तिची प्रकृती विचारण्यास आल्या. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर आजी म्हणाली, "अगं, यंदा संत्री पाठवू नकोस. तुझ्या हातच्या करंज्या पाठव. ओल्या नारळाच्या नकोत, मला त्या सोसायच्या नाहीत. सुक्या सारणाच्या कर." मावशी "बरं, माई" एवढेच म्हणाल्या आणि चहा न घेताच घरी गेल्या. नाताळच्या सकाळी ताट आले. आजीने एक करंजी उचलली, तिचा तुकडा तोंडात टाकला, आणि जरा वेळाने म्हणाली, "मोहन थोडं कमी पडलंय." असा शेरा आजी फक्त लेकीसुनांच्या करंज्यांवर मारीत असे. तो मावशींच्या कानी गेला तेव्हा त्यांस जो आनंद झाला, तो चांदीच्या वाटीने झाला नसता, याविषयी आम्हांस संशय नाही.

या प्रसंगाचा विचार करिता करिता कृतज्ञता या शब्दाकडे आमचे लक्ष गेले. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात परतफेडीचा उल्लेख कोठेही नाही! परतफेड हा सावकारी पेढीवरचा शब्द आहे. कर्ज फिटले की ऋणको आणि धनको एकमेकांस मोकळे होतात. त्यांस पुन्हा भेटण्याचे कारण उरत नाही. आजीने साडी दिली असती तर कदाचित तसेच झाले असते. हिशोब चुकता झाला असता, आणि पुढल्या नाताळास पुन्हा संत्रीच आली असती. तिने देण्याऐवजी मागितले. ज्या हातची पेज तिने आजारपणात नाइलाजाने घेतली होती, त्याच हातचे पदार्थ तिने धडधाकट असताना आपखुशीने मागून घेतले. केलेले जाणणे म्हणतात ते याहून निराळे काय असणार? अनुकंपा या शब्दाचेही असेच आहे. दुसऱ्याच्या मागोमाग आपणही कंप पावणे, हा त्याचा धात्वर्थ. कंप पावणारा मनुष्य उंचावर उभा राहून खाली पाहू शकत नाही. त्यास दुसऱ्याच्या जमिनीवर यावेच लागते.

ज्या रस्त्याचे नाव आमच्या पत्त्यात आहे, त्या शरणपूरची हकीकतही या विचारास जवळची आहे. आज शरणपूर हा दुकानांनी आणि दवाखान्यांनी गजबजलेला, शहरात मिसळून गेलेला भाग आहे. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने ही ख्रिस्ती वसाहत वसविली तेव्हा ती गावाबाहेर होती. शरण आलेल्यांचे पूर, असा नावाचा अर्थ उघडच आहे. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस हे तेथील कामाचे प्रमुख होते. त्या काळी पूर्व आफ्रिकेतील माणसे, आणि विशेषतः लहान मुले, गलबतांत कोंबून गुलाम म्हणून विकण्यास नेली जात. इंग्रजी आरमाराने अशी गलबते पकडली की सुटका झालेली कित्येक मुले मुंबई बंदरात उतरविली जात, आणि त्यांतील बरीच पुढे शरणपुरास पाठविली जात. तेथे त्यांस लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवीत. आईबाप, गाव, भाषा सर्व मागे टाकून आलेली ती मुले आमच्या गोदावरीचे पाणी पिऊन वाढली. इंग्रजी ग्रंथांत त्यांचा उल्लेख 'नाशिकची मुले' असाच केलेला आढळतो.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा आफ्रिकेचा सुप्रसिद्ध संशोधक मुंबईस आला असता नाशकासही येऊन गेला. येथील नऊ तरुण त्याच्या सफरीसाठी निघाले आणि १८६६ साली त्याच्याबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरले. सगळेच शेवटपर्यंत टिकले असे नव्हे; कित्येक वाटेत सोडून गेले. पुढे १८७२ साली लिव्हिंग्स्टनच्या मदतीस जी आणखी माणसे गेली, त्यांत शरणपूरच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट हा तरुण होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आज झांबिया देशात असलेल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन एका झोपडीत मरण पावला. त्या वेळी सोबत एकही गोरा मनुष्य नव्हता. हुकूम करणारा गेला होता. पगार कोण देणार, हे सांगण्यास कोणी उरले नव्हते. तेथेच दफन करून प्रत्येकाने आपली वाट धरली असती, तर त्यांस दोष देण्यास कोणी येणार नव्हते.

त्या माणसांनी आपसांत विचार करून ठरविले की, प्रेत समुद्रापर्यंत न्यावयाचे आणि त्याच्या माणसांच्या स्वाधीन करावयाचे. चुमा आणि सुसी हे दोघे त्यांचे पुढारी होते. लिव्हिंग्स्टनचे हृदय त्यांनी तेथेच एका मोठ्या झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव कोरले. शरीरास मीठ लावून ते उन्हात सुकविले, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळले, आणि मग ते ओझे खांद्यावर घेऊन हजारांहून अधिक मैलांची वाट ते चालले. वाटेत आजार होते, लढाया होत्या, आणि प्रेत घेऊन जाणाऱ्यास गावात पाऊल टाकू न देणारे लोक होते. एके ठिकाणी तर प्रेत बाजारी कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून त्यांस पुढे जावे लागले. मध्यंतरी कॅमेरन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने, आता पुरे, येथेच पुरून टाका, असा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयो येथे समुद्रास पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या राजमान्य देवळात दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत आमच्या शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट होता. चुमा आणि सुसी, ज्यांनी हे सर्व घडवून आणिले, त्यांस मात्र दफनापूर्वी इंग्लंडात पोहोचता आले नाही.

पुष्कळ ग्रंथांत ही कथा एकनिष्ठ नोकरांची कथा म्हणून सांगितलेली असते. आम्हांस ती तशी वाटत नाही. नोकर हुकमाने वागतो. येथे हुकूम करणारा कोणी नव्हता. ज्यांस जगाने दयेचे विषय मानले होते, अन्नवस्त्र घेणारी पोरकी मुले एवढीच ज्यांची ओळख होती, त्यांनी आपल्या मर्जीने ठरविले की आपण द्यावयाचे, आणि काय द्यावयाचे. शिवाय ज्याला दिले तो हिशोब समजण्यापलीकडे गेलेला! पुढे १८७४ साली प्राइस यांस आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाठविण्यात आले, आणि मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन ही वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिले होते. ती वसविण्याच्या कामी नाशकाहून परतलेल्या आफ्रिकी स्त्री-पुरुषांनी मोठा भाग उचलला. कोणी शिक्षक झाले, कोणी उपदेशक, कोणी कारागीर. तेथील घंटा गुलाम पकडणारे येत असल्याची सूचना देण्यासाठी वाजविली जाई असे सांगतात. एके काळी ज्यांस कोणी सावध केले नव्हते, ते आता दुसऱ्यांच्या मुलांस सावध करण्यासाठी उभे होते.

या चित्रास दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. शरणपुरात आलेल्या मुलांस नवी नावे मिळाली आणि नवा धर्म मिळाला. त्यांस काय हवे हे कोणी विचारले असेल असे वाटत नाही. जेकब वेनराइट हे नाव त्याच्या आईने ठेवलेले नव्हते. आश्रय देणारा हात पुष्कळदा आपली मुद्राही उमटवून जातो. आपल्या समाजात मिशनऱ्यांच्या कामाविषयी जो संशय पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्याचे मूळ येथे आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु हीच कसोटी आपण आपल्या दयेलाही लावली पाहिजे. आपण ज्यांस देत आलो, त्यांनी आपल्या उंबऱ्याबाहेर उभे राहूनच घ्यावे, ही अट आपण शतकानुशतके घातली. तीही मुद्राच होती; फक्त ती दुसऱ्याच्या कपाळावर आपल्यास दिसत नव्हती.

या बाबतीत नाशिकच्याच परिसरातील एका घराचे स्मरण होते. गोदाकाठी नाशिकजवळ जलालपूर हे खेडे आहे. तेथील गोखल्यांच्या घरी १८६८ साली जन्मलेली मुलगी पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास माहीत झाली. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो असेलच. वडिलांच्या सोवळ्याने ते घर कसे ग्रासले होते, घरात येणाऱ्या जिनसा धुऊन घेण्याचा त्यांचा हव्यास कोणत्या थरास गेला होता, याचे वर्णन लक्ष्मीबाईंनी केले आहे, आणि ते अशा विनोदाने की वाचणाऱ्यास हसावे की रडावे ते कळू नये. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपला आचार सोडला नव्हता. निराळी चूल, निराळे पाणी चालूच होते. तो आचार त्यांनी कोणाच्या आग्रहाने टाकला नाही. माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, अशी त्यांची त्यांनाच खात्री पटली, तेव्हा कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा.

हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांस लक्ष्मीबाईंनी घरात घेतले, त्यांची दुखणीबाणी काढली, हे सर्वांस ठाऊक आहे, आणि त्यांची करुणा म्हणून आपण त्याचाच गौरव करतो. पण त्याची तयारी ज्या दिवशी दुसऱ्याच्या हातचे पाणी त्यांनी घेतले त्या दिवशी झाली होती. ज्याच्या हातचे पाणी आपणांस चालत नाही, त्याच्या मुलास आपण पैसे देऊ शकतो, कपडे देऊ शकतो. मांडीवर मात्र घेऊ शकत नाही. धर्मांतर करावे की न करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आणि आम्ही स्वतः आमच्या घरच्या देवांपुढे दिवा लावणारे आहोत. परंतु जलालपूरच्या त्या घरापासून तो पाण्याच्या एका भांड्यापर्यंत लक्ष्मीबाईंनी जो प्रवास केला, तो करण्यासाठी कोणासही आपला देव बदलावा लागत नाही.

किंबहुना, आपल्या देवांनी हे आपणांस कधीच शिकवून ठेविले आहे. श्रीकृष्णाने सुदाम्यास सोन्याची नगरी दिली, हे आपण मुलांस सांगतो. पण त्याआधी त्याने सुदाम्याच्या फडक्यातले पोहे हिसकावून घेतले, हा कथेचा गाभा आहे. शबरीची बोरे, विदुराच्या कण्या या सर्व कथांतून देव घेणारा म्हणून येतो, आणि तो घेतो म्हणूनच देणारा मोठा होतो. ज्या गोदावरीच्या काठी आम्ही राहतो, तिच्याच काठी पैठणास एकनाथ झाले. तहानेने तळमळणाऱ्या गाढवास त्यांनी गंगेचे पाणी पाजले, ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पण एका महार भक्ताच्या घरी जाऊन ते जेवले, अशीही परंपरेने चालत आलेली कथा आहे. ती आपण त्या मानाने कमी सांगतो. पहिल्या कथेत नाथ देतात, दुसरीत घेतात. पहिलीसाठी मन कोमल असावे लागते. दुसरीसाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहण्याची छाती असावी लागते.

नाताळची मूळ कथाही याच जातीची आहे. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून गोठ्यात जन्मलेले मूल, कडब्याची शेज, रानातून आलेले मेंढपाळ आणि दूर देशाहून भेटी घेऊन आलेले ज्ञानी पुरुष. त्या रात्री ते मूल कोणास काहीच देत नाही. त्यास ऊब हवी असते, दूध हवे असते, कोणाचा तरी हात हवा असतो. जगाचा त्राता म्हणून ज्यास पुढे कोट्यवधी लोक मानणार होते, तो पहिल्या दिवशी केवळ घेणारा होता. रामनवमीस आणि गोकुळाष्टमीस पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आपल्या लोकांस ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवस्थानी दर फेब्रुवारीत यात्रा भरते, तीत ख्रिस्ती नसलेले स्त्री-पुरुषही मोठ्या संख्येने येतात. त्यांस हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता आमच्या पिढीविषयी थोडेसे. आम्हां तरुणांत दयेची उणीव आहे असे आम्हांस वाटत नाही. थंडी पडली की कितीतरी मंडळी घाटावर निजणाऱ्यांस घोंगड्या व ब्लँकेटे वाटून येतात. पुरात, साथीत वर्गण्या उभ्या राहतात. फक्त एवढेच की वाटण्याची छायाचित्रे घेतली जातात, आणि त्या छायाचित्रांत देणारे सगळे कॅमेऱ्याकडे पाहत असतात व घेणारा खाली पाहत असतो. दान लज्जेने द्यावे, असे तैत्तिरीय उपनिषदात सांगितले आहे. लाज देणाऱ्यास वाटावी असा तेथे आशय आहे. आपण ती घेणाऱ्याच्या पदरी टाकली आहे. आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनही भांडी घासणाऱ्या बाईचा चहाचा पेला खिडकीत निराळा ठेवलेला आढळतो. तिच्या मुलीच्या शाळेची फी भरणारे आणि तिचा पेला निराळा ठेवणारे घर पुष्कळदा एकच असते, आणि त्या घरच्या लोकांस यात काही विसंगत आहे असे वाटतही नाही.

यावर मोठी चळवळ करावी, सभा भरवाव्या, असे आमचे म्हणणे नाही. बाईने तिच्या घरच्या सत्यनारायणाचा प्रसाद आणला, तर तो 'ठेवा तिथे' न म्हणता तिच्या देखत तोंडात टाकावा. कोणी मदत केली, तर लगोलग भेटवस्तू घेऊन धावू नये. काही दिवस ऋणात राहण्याची सवय करावी. कोणाच्या घरी गेल्यावर पाणी पुढे आले, तर तहान नाही असे सांगू नये. कोणाचे आपल्याशिवाय चालत नाही, हे सांगताना आपणांस जो अभिमान वाटतो, तितक्याच मोकळेपणाने आपले कोणाकोणाशिवाय चालत नाही, हेही घरात मुलांपुढे नावे घेऊन सांगावे. एवढे केले तर पुष्कळ झाले.

आजीस जाऊन आता चार वर्षे झाली. ताटांचा व्यवहार चालू आहे. आमच्या घरी करंज्यांचे सारण आता मावशींच्या प्रमाणाने होते, आणि अनारशांचे पीठ भिजविण्याची आजीची रीत शेजारच्या घरी गेली आहे. कोणी कोणास किती दिले, याची नोंद दोन्ही घरांतून कधीच पुसली गेली. नाताळानंतर तीन आठवड्यांच्या आत संक्रांत येते, तेव्हा मावशी त्यांच्या नातवंडांस आमच्याकडे तिळगुळासाठी पाठवितात. ती मुले आमच्याकडून तिळगूळ घेतात, आपल्या खिशातला आम्हांस देतात, आणि आम्ही तो त्यांच्या समोरच खातो.